तुम्ही भरलेला शेवटचा माल

अहो,

तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. घरातच होतात, लिहायचं काय? आज लिहिते, कारण सुप्याचा आपला प्लास्टिकचा कारखाना बंद पडत होता आणि मीच तो वाचवला. याचा राग दुसऱ्या कुणावर काढू?

तुम्ही गेलात तेव्हा ड्रायरमध्ये नायलॉनचे दाणे वाळायला भरलेले होते. सुतकात सगळं बंद. तेराव्यानंतर आपला ऑपरेटर बबन सगळ्यांना म्हणाला, "सायबांच्या हातचा माल हाय. आदी ह्योच चालवू." तुमच्या फोटोला नमस्कार करून त्याने तो माल तसाच मशीनमध्ये घातला!

नमुन्याची पट्टी वाकवली, तर पापुद्रे सुटले. गिऱ्हाइकाने बजावलं, आणखी एकच नमुना बघेन.

"सायेब गेले आन् मशीन रुसलं, वहिनी."

"मशीन रुसत नसतं, बबन."

पट्टी हातात घेताच मला कळलं होतं. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन वितळवले तरी एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून तिसरा माल घालायचा. मशीनच्या तापलेल्या स्क्रूमध्येच तो नायलॉनशी रासायनिक गाठ मारतो आणि दोघांना धरून ठेवतो. पण नायलॉन हवेतलं पाणी पितं, आणि ओल राहिली की ती गाठ बसत नाही. मी केमिस्ट्रीची पदवीधर, तरी मला फोन उचलायला बसवलंत. आणि रोज जेवताना पानावर तुमचं हेच बोलणं! न शिकवता सगळं शिकवलंत की हो.

पुण्याहून लेक म्हणत होती, "आई, विक ते आणि ये इकडे." मला जायचं होतं. त्यासाठी काय करायचं होतं? फक्त गप्प बसायचं. एक दिवस बसलेही.

दुसऱ्या दिवशी विचारलंच, "बबन, माल पुन्हा वाळवला होतास का?"

"सायबांनी भरलेला म्हंजी वाळवलेलाच आसंल की!"

"अरे, बंद ड्रायरमध्ये इतके दिवस हवा खात पडला होता तो!"

वाळवून चालवला. पट्टी दुमडली, पिळली, एक पापुद्रा सुटला नाही. कारखान्यातल्या पोरांनी पेढे वाटले. गिऱ्हाइकाने वर्षभराचं काम दिलं. माझा पेढा मी तुमच्या फोटोपुढे ठेवून दिला.

खराब माल समोर असताना मला गप्प बसवत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं ना? म्हणूनच इतके निर्धास्त गेलात?

वर्षभर मी कारखाना चालवीन, एकही ओला दाणा मशीनमध्ये जाऊ देणार नाही, हा माझा शब्द. आनंदाने चालवीन, असा शब्द मात्र मागू नका.

तुमची,
नलिनी