जागची हलेपर्यंत

२ डिसेंबर, सोमवार

चार सेकंद! पुढे जायला गिअरचा दांडा डी वर टाकला, ब्रेक सोडला — काहीच नाही. इंजिन चालू, गाडी ढिम्म. आणि मग एकदम मागून कुणी लाथ घातल्यासारखी सुटली. अंगणातली कोंबडी उडाली. मागे घ्यायला आर टाकला तरी तेच.

त्या चार सेकंदांत माझा डावा पाय क्लच दाबत होता. जो गुडघ्याखाली नाहीच, तो! वीस वर्षं डोळखांब लाईनला जीप हाणली. पाय गेला, पायाची खोड काही गेली नाही.

गेल्या महिन्यात ही जुनी गाडी घेऊन आलो तेव्हा शहापूरपासून घरापर्यंत एकटाच हसत होतो. क्लच नाही. गिअर आपोआप पडतात. चढ आला की तिला न सांगता कळतं! ज्यानं कुणी हे बनवलं त्याच्या पाया पडावं असं वाटलं. माझ्या लायसनवर आता ऑटोमॅटिकच लिहिलंय. म्हणजे ही चालली तर मी ड्रायव्हर, नाही तर दारात बसून वाल सोलायचे. एक जानेवारीपासून पाड्यांवरची माणसं शहापूरला न्यायची ठरलीत. सगळ्यांना सांगून बसलोय.

३ डिसेंबर

आज पाच. शहापूरला गणूच्या गॅरेजात नेली. जीपच्या जमान्यापासूनचा दोस्त. डोकं आत घातलं, बाहेर काढलं, म्हणाला, "गिअरबॉक्स गेला रे सुदाम. या आटोमॅटिकचं काय खरं नाय. वीक नि जीप घे."

कुठल्या पायानं चालवू? असं विचारलं. बिचारा फडक्यानं हात पुसत राहिला. मग म्हणाला, मुरबाडला एक पोरगी आहे, पुण्याला कंपनीत होती, हेच बॉक्स खोलते. नंबर दिला.

घरी आलो. भाकरी थापता थापता बायकोनं, अंजूनं, विचारलं, "आज किती?"

पाच, म्हटलं.

"बरं."

४ डिसेंबर

मुरबाडच्या पोरीला फोन. दामिनी नाव. मी म्हटलं, उद्या आणतो, खोल. तर म्हणते, "लगेच नका आणू काका. चार दिवस निसतं लिवा. सकाळी थंड असताना किती, गरम झाल्यावर किती, चढावर किती, सपाटीला किती."

पोरी, वही माझी रोजचीच आहे, म्हटलं. हसली.

मिस्त्री आणि हात न लावता आधी लिहायला सांगतो! असा मिस्त्री मी बघितला नाही.

५ डिसेंबर

थंड, अंगणात — पाच. गरम, किन्हवलीच्या सपाट रस्त्यावर — दोन.

आपलं अंगण चढाचं, गाडी नाक वर करून उभी असते. त्याचा काय संबंध असेल?

६ डिसेंबर

सहा.

तेलाचा प्रश्नच नाही. ते मी गाडी आणली त्याच आठवड्यात बघितलंय. जीपचा शिरस्ता — पहाटे, गाडी बंद, थंडगार, मग तेल मोजायची पट्टी काढायची, पुसायची, घालायची, बघायची. मग अगरबत्ती. बॉक्सचं तेल खुणेच्या बोटभर वर होतं! आधीच्या मालकानं जास्त ओतलेलं. मी पिचकारीला नळी लावून अर्धा लिटर काढलं. कुंकवासारखं लाल तेल. अंजूनं बॅटरीचा उजेड धरला, बाटली धरली. तिला म्हटलं, जपून ठेव, हे कमी पडलं तर गाडी जागची हलायची नाही.

८ डिसेंबर, रविवार

सात.

आज पाय जाऊन वर्ष झालं. त्या दिवशी खर्डीचं भाडं होतं, उशीर झालेला. अंजू डबा घेऊन दारात येईपर्यंत माझी जीप वळणापलीकडे गेली होती. पुढच्या वळणावर डंपर. डबा तिनं तसाच दवाखान्यात आणला होता म्हणे.

आज तिनं भात वाढला तेव्हा बोटाला लाल लागलेलं. देवपूजा केली असेल.

९ डिसेंबर

मुरबाड! कुठून सुरुवात करू!

किन्हवली, सरळगाव करत पोचलो तेव्हा गाडी चांगली गरम होती. दामिनी असेल सव्वीस-सत्तावीसची, ओढणी कमरेला बांधलेली. पाना हातात घेतला नाही. आधी माझी वही वाचली. मग इंजिन चालूच ठेवून दांडा पी-आर-एन-डी फिरवला, परत पी, आणि चालू इंजिनावर पट्टी काढली. मी ओरडलो — अगं, बंद तर कर!

"नाय काका. याचं तेल चालू गाडीवर मोजायचं. गरम असताना."

पट्टी कोरडी! टोकाला जेमतेम थेंब.

मग तिनं गाडी बंद केली, मला चहा पाजला. पुन्हा पट्टी घातली. बोटभर तेल! तीच गाडी, तीच पट्टी, कुणी थेंब ओतला नाही. माझ्या अंगावर काटा आला.

ती म्हणाली, गाडी चालू असली की पंप तेल ओढून वर सगळीकडे भरतो. ते तेलच गाडी ढकलतं — मध्ये क्लचची तार नाही, काही नाही, निसतं तेल! बंद केली की ते खाली उतरतं आणि जास्त वाटतं. म्हणजे आधीच्या मालकाचं तेल बरोबरच होतं. मीच शहाणपणानं काढलं. वीस वर्षांचा शिरस्ता, आणि तोच गाडीच्या मुळावर! चढावर उभी राहिली की उरलेलं तेल मागे सरकतं, पंपाला हवा लागते. म्हणून अंगणात सात, सपाटीला दोन. सगळं माझ्याच वहीत लिहिलेलं होतं आणि मला एक अक्षर वाचता आलं नव्हतं.

तिनं तेल बोटावर घेऊन वास घेतला. "जळालं नाय. बॉक्स वाचलाय." माझे डोळे भरून आले, लपवले नाहीत.

नवीन तेल ओतत गेली, मोजत गेली. मग कपाळाला आठी. "काका, तुमी अर्धा लिटर काढलं ना? गाडी सव्वा लिटर प्याली." गळती बघायला खाली पुठ्ठा टाकून इंजिन चालवलं. पुठ्ठा कोरडा. "आणि उशीर रोज वाढत का गेला? तुमी काढलंत ते एकदाच." तिला पटत नव्हतं. म्हणाली, घरी पुठ्ठा टाकत जा, लिहीत जा.

डी टाकला. एक सेकंद! नुसता 'हुं' म्हटल्यासारखी निघाली. मी येताना तिला पोरी म्हटलं होतं, जाताना ताई म्हणालो.

१० डिसेंबर

एक! चढावर, थंड, पहाटे — एक!!

"आज किती?"

एकच, अंजू! भाजीत मीठ दोनदा पडलं होतं.

१२ डिसेंबर

दोन. पुठ्ठा कोरडा.

१३ डिसेंबर

चार. पुठ्ठा कोरडा. गाडी गरम करून सपाटीवर नेली, चालू इंजिनावर पट्टी काढली, ताईनं दाखवलं तशी. तेल खुणेच्या खाली. खाली सांडत नाही, धूर नाही. मग जातंय कुठं? ताईला फोन केला. ती म्हणाली, "काका, गाडीला आणखी कोण हात लावतो?"

कोण लावणार? घरात आम्ही दोघंच.

१५ डिसेंबर, रविवार

पहाटे लवकर जाग आली. नकली पाय न लावताच काठी घेऊन दारात आलो.

अंजू पाटावर उभी. बॉनेट उघडं. हातात माझी पिचकारी, नळी बरोबर पट्टीच्या भोकात. पायाशी लाल तेलाच्या तीन बाटल्या — घट्ट झाकण लावून, जपून ठेवलेल्या. जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाही तिनं! एकदा बॅटरी धरली, तेवढ्यात सगळं शिकली. मला राग यायला हवा होता.

ती दचकली नाही. म्हणाली, "मोडायची नव्हती वो. निसता उशीर व्हावा. तेवढा येळ तरी तुमी अंगणात असता."

चार, पाच, सहा, सात. तिचे ते सेकंद रोज मीच लिहीत होतो.