एकशे दहाच्या खाली

४ मार्च, मंगळवार

११४ अंश! पाण्याच्या टाकीपाशीच १०८ झाला होता, टेकडी चढून फाटकात शिरलो तेव्हा ११४. काटा खोटं बोलत नाही. गिअरबॉक्सचं तेल खरंच तापतंय.

काटा मीच बसवलाय. तेल बाहेर येतं त्या नळीत सेन्सर, तिथून वायर, स्टिअरिंगशेजारी गोल डायल. दोन दिवस गाडीखाली आडवा होतो. चिरंजीव वाकून बघत म्हणाले, "बाबा, पेशंटपेक्षा थर्मामीटर नवा!" स्वतःच हसले. मग अट घातली – गुरुवारपासून महिनाभर प्रत्येक फेरीचा सगळ्यात वरचा आकडा कागदावर लिहायचा. ११०च्या खाली राहिला तर गाडी ठेवा. वर गेला तर गिअरबॉक्स कधीतरी चढावर दगा देणार, तेव्हा विकून टाकायची. "आईकडे मी नेईन ना, दर रविवारी."

दर रविवारी! मी आठवड्यातून तीनदा जातो – मंगळ, गुरु, शनि. ही वर शुश्रूषागृहात, डावं अंग लुळं, खुर्ची दाराकडे करून बसलेली. सहा दिवस नुसतं दार बघायचं का तिने?

६ मार्च, गुरुवार

११६. कागदावर १०४ लिहिलं.

त्र्याहत्तराव्या वर्षी पोटच्या पोराला घाबरून आकडे चोरतोय. शाबास!

८ मार्च, शनिवार

वर जाताना ११३. कागदावर १०३.

परतताना गॅरेजमध्ये. मेकॅनिक म्हणाला, "काका, तेल बदललं, फिल्टर बदलला, तेलाचा कूलर धुतला. आता काय, पदराने वारा घालू?" आणि पुढचे ब्रेकपॅड पुन्हा संपलेत म्हणे. वर्षात दुसऱ्यांदा! "काका, ब्रेक खाता का तुम्ही?"

वीस वर्षांचा घरोबा, आणि मलाच टोपी घालतो. तोंडावर बोललो. तो हात पुसत राहिला. घरी येईपर्यंत माझंच मला वाईट वाटलं. पण पॅड कसे संपतात इतक्यात?

११ मार्च, मंगळवार

११५. चढावर मागून ट्रकवाल्याचा सारखा हॉर्न. ओलांडताना खिडकीतून ओरडला, "काका, चढाला ब्रेक कसला?" मूर्ख! चढाला ब्रेक कोण लावतं? मीही हात उगारला. थोडा जळका वास येत होता. तेलाचाच असणार.

वर मात्र गंमत झाली. डाव्या पायातली चप्पल गाडीतच राहिली, अख्खा व्हरांडा एका पायाने अनवाणी चालत गेलो, पत्ता नाही! हिने बोटाने पाय दाखवला. ओठाचा उजवा कोपरा वर गेला. हसली! तीन महिन्यांत पहिल्यांदा. नर्स म्हणाली, "आजोबा, एवढी कसली घाई?" घाई नाही गं बाई. वेध लागलेले असतात.

गाडी गेली तर हे हसू कुणाच्या चपलेवर यायचं?

१३ मार्च, गुरुवार

११४. लिहिलं १०५. रोज एकच आकडा बरा दिसत नाही. खोटेपणालाही डोकं लागतं.

डॉक्टर म्हणतात, साखर पायात उतरते, पाय बधिर होतात, टाचणी टोचून बघू. म्हटलं महिना संपू दे, मग टोचा काय ते.

१५ मार्च, शनिवार

११७. हा सगळ्यात वरचा. अर्ध्या चढावर थांबलो, बॉनेट उघडून दगडावर बसलो.

ही गाडी आली त्या दिवसाची आठवण झाली. त्याआधीच्या गाडीला क्लच होता, डाव्या पायाला काम होतं. हिला क्लचच नाही. रिकामा पाय कुठं ठेवायचा? मी त्याला ब्रेक दिला. उजव्याने वेग, डाव्याने ब्रेक. कुणी शिकवलं नाही, माझं मीच शिकलो. तेव्हा शाळकरी चिरंजीव मागून म्हणायचे, "बाबा, पायपेटी वाजवताय का?" शेजारी बसलेली ही हसून हसून लाल व्हायची. एकवीस वर्षं वाजवतोय. एक ओरखडा नाही.

आणि आता विका म्हणे.

१६ मार्च, रविवार

चिरंजीवांनी कागद मागितला. "१०४, १०३, १०५... अरे वा, बाबा!" पाठीवर थाप मारली. थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

सूनबाईने कागद बघितला, मग मला बघितलं. ती प्रयोगशाळेत काम करते, दिवसभर लोकांचे आकडे तपासते. कागद नीट घडी घालून माझ्या हातात दिला. तेच टोचलं.

१८ मार्च, मंगळवार

११५.

२० मार्च, गुरुवार

सूनबाईची सुट्टी. "बाबा, आज मी चालवते." म्हणजे पाळत! तोंड फुगवून शेजारी बसलो. मनात म्हटलं, आता पितळ उघडं पडणार.

टाकीपाशी ८६. फाटकात ९१!

वासबीस काही नाही. ती म्हणाली, "बाबा, कागदावर तर १०४ आहे." मी चोरून खाली आणलेला आकडाही खऱ्यापेक्षा तेराने जास्त! हसावं की रडावं कळेना. गाडी ठणठणीत आहे हे वर खोलीत हिला सांगितलं, दोनदा सांगितलं. हिने माझा हात दाबला.

पण मग माझ्या हातात का तापते? गाडी तीच, चढ तोच, ऊन तेच.

२२ मार्च, शनिवार

मी चालवली. सूनबाईपेक्षा हळू, जपून, लेकराला न्यावं तशी. ११६.

परत येऊन गाडीतच बसून राहिलो. मेकॅनिकचे ब्रेकपॅड. ट्रकवाल्याची आरोळी. तो जळका वास. एकेक आठवत गेलं. आठवायचं नव्हतं.

२३ मार्च, रविवार

अंगणात गाडी, इंजिन बंद. सूनबाईला मागे उभं केलं. म्हटलं, "मी ब्रेक दाबला की लाल दिवा लागेल. लागला की सांग." दोन्ही पाय खाली टेकवून निवांत बसलो.

ती म्हणाली, "बाबा, लागलेलाच आहे."

"अगं, अजून दाबलाच नाही!"

"लागलेलाच आहे, बाबा." आवाज एकदम हळू.

वाकून बघितलं. डावा पाय ब्रेकवर होता. मला माहीतच नव्हतं.

२४ मार्च, सोमवार

कागदावर सगळे खरे आकडे लिहिले. खाली एक ओळ – चढभर माझाच पाय ब्रेकवर, तेल तापणारच. चिरंजीवांच्या टेबलावर ठेवला, वर चावी ठेवली.

आता फक्त रविवार.