नदीभर एकटीच

तीर्थरूप बाबांना वाकून नमस्कार,

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोकलाही गेला. तुमचा गुडघा काय म्हणतो?

नदीतल्या पाणमांजरांबद्दल तुम्ही प्रत्येक फोनवर विचारता, म्हणून लिहिते. ती सहसा दिसत नाहीत. नाक मुरडू नका, पण खडकांवर विष्ठा टाकून ती एकमेकांना कळवतात, की मी इथे आहे. धरणापासून पुलापर्यंत खडकाखडकावर अशा खुणा होत्या. चांगलं मोठं खटलं नांदतंय, म्हणून आम्ही खुशीत होतो. मी तर पिल्लांची नावंही ठरवून ठेवली होती.

काल त्या विष्ठेच्या डीएनए तपासणीचा निकाल आला. सगळे नमुने एकाच मादीचे निघाले. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून मी सगळं पुन्हा तपासलं. बाबा, ती एकटीच आहे हो. नदीभर हिंडून कळवत राहते, आणि हुंगायला कोणीच येत नाही. आमचे साहेब कितीतरी वेळ नुसता चष्मा पुसत बसले.

आज सकाळी पुलाखालच्या खडकावर ताजी खूण होती. नमुना घ्यायला माझा हात पुढे होईना.

शेजारच्या काकू सांगत होत्या, आई गेल्यापासून तुम्ही संध्याकाळी सगळ्या खोल्यांतले दिवे लावून ठेवता. रस्त्यावरून घर भरलेलं दिसतं म्हणे. आणि मला फोनवर म्हणता, "इथे सगळं ठीक आहे, तू तुझं काम बघ."

ते दिवे मला इथून दिसले, बाबा. मी रविवारी येतेय.

तुमचीच,
ठमी