आजाऱ्याला वाचून दाखवताना

बाबा, माझा रिपोर्ट आला आहे आणि तो वाईट आहे. हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही, तुमच्या नातीनंही नाही. तिनं परवा वाशिमच्या दवाखान्यातून आल्या आल्या, चप्पल काढता काढताच सांगून टाकलं, "अजून नाही आला गं आई. पुढच्या आठवड्यात या म्हणाले." तरी मला कळलं. कसं कळलं ते तुमच्याशिवाय कोणाला समजायचं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की या नातीला तुम्ही पाहिलंसुद्धा नाही.

पोटातली गाठ काढल्यापासून मी रिसोडच्या या घरात पडून आहे. गाठीचा तुकडा तपासायला नागपूरला गेला, आणि तोवर उठायचं नाही, वाकायचं नाही, जिना चढायचा नाही. जन्मभर पंचायत समितीच्या ऑफिसात मान मोडेस्तोवर काम केलं, वाचायला सवड कुठली? आता सवडच सवड. पोरगी पुस्तकं आणून उशाशी ठेवते, आणि सगळी नव्या लोकांची. तुमच्या काळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता ती पोरं आता लिहायला लागली आहेत, बाबा, आणि काय लिहितात! तांड्यावर वाढलेली एक बाई आहे, ती ऊसतोडीला निघालेल्या घराच्या कुलपाचं असं वर्णन करते की मला माझ्या दाराकडे बघावंसं वाटतं. एक जण किनाऱ्याकडचा, त्याची वाक्यं चार शब्दांच्या पुढं जात नाहीत. मी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही, तरी त्याच्या पानांना मासळीचा वास येतो. अशी माणसं आपल्याच भाषेत लिहीत होती आणि मी आवक-जावक करत बसले होते, याचा रागच आला. पण ही पोरं निर्दय फार. जो मरायचा तो मरतोच, कोणाची गय नाही.

कावीळ झाली तेव्हा मी सातवीत होते. केनवडच्या घरात, खिडकीपाशी गोधडीवर पडलेली. तुम्ही बाजारात मापारी. दिवसभर धान्य मापून, एक म्हणायच्या जागी 'लाभ' म्हणत पुढचे आकडे ओरडून घसा बसलेला असायचा, तरी घरी आलात की हातपाय धुऊन माझ्याजवळ पुस्तक घेऊन बसता. आई चुलीपाशी माझ्यासाठी बिनतेलाचं वरण शिजवते आहे. तुम्ही वाचता, आणि गोष्टीतली सगळी माणसं जगतात. पुरात वाहून गेलेला पोरगा झाडाला अडकून वाचतो, तापानं फणफणलेली म्हातारी सकाळी उठून भाकर मागते. बरी झाल्यावर मी तीच पुस्तकं स्वतः वाचली. पोरगा बुडाला होता. म्हातारी तर दुसऱ्याच पानावर गेली होती.

मी तणतणत तुमच्याकडे आले, कारण तुमच्याकडून ही अपेक्षाच नव्हती. विहारात पावसाळाभर वर्षावासाचं ग्रंथवाचन तुमच्याकडे असायचं आणि तिथं तुम्ही एक अक्षर इकडचं तिकडं होऊ देत नव्हतात. बायका कुरकुरायच्या, "आता आवरा ना, सयपाक राह्यला आमचा." तुम्ही वर न बघता म्हणायचात, "माप पुरं घ्या लागते बाई." असा माणूस घरात बसून पानंच्या पानं मनानं रचत होता.

"काहून खोटं वाचलं तुमी?" मी विचारलं.

"आजाऱ्याले मेलेलं मानूस वाचून दाखवत नाई, माय. आजारी मानूस त्याच्या मांगं मांगं जाते म्हनतात."

"तुमी तर असं काई मानत नाई. विहारात तुमीच सांगता, अंधश्रद्धा सोडा म्हनून."

तुम्ही बराच वेळ मापाला चिकटलेले तुरीचे दाणे नखानं काढत बसलात. मग म्हणालात, "मी नाईच मानत. पन तू बिमार होतीस ना."

हे मी माझ्या पोरीला कधी सांगितलं नाही. सांगायचं राहूनच गेलं. औषधानं संध्याकाळी माझे डोळे चुरचुरतात, म्हणून तेव्हा ती वाचते. आजवर तिनं जसं छापलं आहे तसंच वाचलं. कितीतरी माणसं तिनं माझ्या उशाशी बसून पार पोचवली, आवाजसुद्धा हलला नाही. उलट हसायची, "आई, यांच्या पुस्तकात कोणी म्हातारं होतच नाही का गं?" परवा वाशिमहून आली, चहा केला, आणि त्या तांड्यावरच्या बाईची पुढची गोष्ट वाचायला घेतली. तिला ठाऊक नव्हतं की मला धीर निघाला नव्हता, सकाळीच मी ती संपवली होती. त्या गोष्टीतली बाई तालुक्याच्या दवाखान्यातून निघते, स्टँडवर बाकावर बसते, आणि गाडी येते तेव्हा उठतच नाही.

पोरीनं तिला उठवलं. गाडीत बसवलं, खिडकीची जागा दिली. पान न उलटता ती वाचत राहिली. बाई घरी पोचली. फाटक जरासं उचलल्याशिवाय उघडत नाही, तसं तिनं ते उचललं. बाबा, तसलं फाटक पुस्तकात कुठंच नाही. ते आमचं आहे. ती त्या बाईला आमच्याच घरी घेऊन आली होती.

मला रडू आवरेना. औषधानं डोळे झोंबतात, असं मी तिला म्हणाले. तिनं पुस्तक मिटलं आणि तोंड न दाखवता आत जाऊन भांडी घासायला लागली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

काल दिवसभर ठरवत होते, सांगून टाकू का तिला, की बाई, मला कळलं आहे, एकटीनं नको वाहूस. कितीदा जिभेवर आलं. पण मग ती वाचायची थांबेल. मग रिपोर्ट, गाड्या, नागपूर, हेच बोलणं उरेल, आणि संध्याकाळी ती माझ्याजवळ बसून जे रचते ते मला कुठून मिळणार? एवढे नवे लेखक वाचले या आजारपणात, पण त्यांच्यातला एकही माझ्यासाठी लिहीत नव्हता.

आज दुपारी तिनं विचारलं, "आता कोणतं घेऊ गं?" मी ढिगातलं सगळ्यात जाड पुस्तक दाखवलं. तिनं ते हातात घेतलं, म्हणाली, "एवढं?" मी म्हटलं, "हो. रोज थोडं थोडं वाच. घाई नको करू."

हे कागद उशीखाली ठेवले तर अंथरूण झटकताना तिच्या हाती लागतील, म्हणून ती बाहेर गेली की हळूच उठून चुलीत घालीन. त्याआधी एक सांगून घेते. या वेळी त्या जाड पुस्तकाची पुढची पानं मी आधी उघडलेली नाहीत. मला भीती वाटते, बाबा.