चालत्या ड्रमचे झाकण उघडते की नाही, ते चालवून पाहण्याबाबत

प्रति,
मा. यंत्रसुरक्षा निरीक्षक,
यंत्रतपासणी कार्यालय.

विषय : आमच्या दुकानातील सील केलेले वॉशिंग मशीन पूर्ण वेगात तपासल्याशिवाय कंपनीला परत न देण्याबाबत.
संदर्भ : माझ्या भावाला निष्काळजी ठरवणारा आपला अहवाल.

महोदय,

मी कपडे धुण्याचे दुकान चालवतो. मशीन माझा थोरला भाऊ सांभाळायचा. नव्या मशीनने त्याचा उजवा हात कोपरापासून नेला. अहवालात 'कापला गेला' असे लिहिले आहे. कापायला धार लागते, साहेब. हा पिळवटून तुटला.

१. जुने मशीन मिनिटाला सातशे फेरे घ्यायचे. ड्रम पोलादी, पत्रा असा की लाथ मारणाऱ्याचाच पाय मोडावा. झाकण उचलले की मोटर बंद पडायची, ड्रम मात्र फिरत राहायचा. तो लवकर थांबावा म्हणून आम्ही हाताला ओला टॉवेल गुंडाळून कडेवर दाबायचो. चूक आहे, मान्य. पण धंद्यात सगळे हेच करतात. आमचे वडील जन्मभर हेच करून दहाही बोटांनिशी गेले.

२. नवे मशीन चौदाशे फेऱ्यांचे. वेग दुप्पट आणि अंग साबणाच्या डबीचे. विकणारा म्हणाला होता, "दादा, ड्रम थांबेपर्यंत झाकण उघडणारच नाही, लॉक आहे." ते लॉक म्हणजे प्लास्टिकची जीभ. पूर्ण वेगात मशीन थरथरते, जीभ वाकते, झाकण हातात येते आणि मोटर चालूच राहते. दादाने सवयीने टॉवेल दाबला. टॉवेलने बोटे ओढली, बोटांनी मनगट, मनगटाने दादा. मी वायर उपटली तोवर हात आतल्या चादरींबरोबर फिरत होता.

३. आपले तपासनीस नाकाला रुमाल लावून आले. मशीन बंद, वायर भिंतीपासून तुटलेली. त्यांनी झाकण ओढून पाहिले आणि लिहिले, 'लॉक मजबूत'. मेलेल्या कुत्र्याच्या तोंडात बोट घालून तो चावत नाही असा दाखला देण्यातला हा प्रकार आहे.

४. सोमवारी मशीन कंपनीच्या हवाली करण्याचा आपला आदेश आहे. तिथे नवे लॉक बसले की पुरावा संपला आणि दादा जन्माचा गुन्हेगार. कंपनीचा मेकॅनिक कालच स्क्रूड्रायव्हर घेऊन आला होता. वहिनी मशीनवर चढून बसली. म्हणाली, "लाव हात. एक हात गेलाय या घरातला, दुसरा तुझा जाईल." तो पळाला. वहिनी अजून उतरलेली नाही. तिला ओढायला माणसे धाडलीत तर पुढे जे फुटेल त्याची नोंद आपल्याच दप्तरी होईल.

सबब विनंती की, सोमवारपूर्वी मशीन आमच्यासमोर चौदाशेवर चालवावे आणि तपासनीस साहेबांनी अहवालावर ज्या हाताने सही केली त्याच हाताने झाकण ओढून दाखवावे. ही धमकी नाही. अहवाल खरा असेल तर झाकण उघडणारच नाही.

आपल्या उत्तरापर्यंत दुकानातून न हलणारा,
(सही)
जखमीचा धाकटा भाऊ
दिनांक : शुक्रवार

सोबत : १. रुग्णालयाचा दाखला. २. दादाचा जबाब; सहीच्या जागी अंगठा, डावा.