आपोआप लागणारा फोकस

११ एप्रिल २००३
आला एकदाचा नवा कॅमेरा! कुंदननं मुंबईहून आणला. धाकटा भाऊ, पण मला विचारलं का? नाही! म्हणे, "दादा, डिजिटल आहे. फोकस आपोआप लागतो." बारा वर्षं खांद्यावर व्हिडिओ कॅमेऱ्याचा धोंडा घेऊन लग्नं काढली. फोकस माझ्या बोटांत आहे. हे खेळणं बघून वऱ्हाडी बाजूला तरी सरकतील का?

१२ एप्रिल
डोळा लावला की सगळं धुरकट. तीनदा पुसलं. कुंदनला गंडवलंय कुणीतरी! तो म्हणतो, "क्लिअर आहे की, दादा." कबूल कशाला करेल!

१७ एप्रिल
देवळाली कॅम्पला हळद काढली. घरी टीव्हीवर लावली तर चित्र स्वच्छ! नवरीच्या गालावरचा तीळसुद्धा दिसतो. मग मला धुकं का दिसतं? काहीतरी गौडबंगाल आहे.

१८ एप्रिल
मी आपोआपचं बटण बंद करतो, कुंदन गुपचूप चालू करतो. आज पकडला! नुसता हसला.

२३ एप्रिल
स्वयंपाकघरात गेलो तर कुंदन आणि छाया एकदम गप्प. "अहो, चहा टाकू?" बायको माझी, कुजबुज दिराशी! मी काढलेली कॅसेट हल्ली तो माझ्याआधी तपासतो. कळलं मला. दादाला दुकानात बसवायचं, फोटोंना फ्रेमा करायला. कॅमेरा सुटला तर मी करू काय? दुसरं येतं काय मला?

३० एप्रिल
मखमलाबादला छायाच्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न. टोमॅटोच्या मळ्यात मांडव. जेवायला बसताना कॅमेरा शेजारच्या खुर्चीवर ठेवला, तो चालूच राहिला! रेकॉर्डिंग चालू असल्याचं आतलं ते बारीक लाल अक्षर दिसलंच नाही. हा गाढवपणा बारा वर्षांत पहिल्यांदा. घरी कॅसेट लावली तर खुर्च्यांचे पाय, चपला, आणि कुंदनचा आवाज: "वहिनी, दादाला कळू देऊ नका..." तेवढ्यात लाईट गेली.
सापडले दोघं! येऊ दे लाईट.

१ मे
ऐकलं.
"...त्याचा उजवा डोळा अधू झालाय. जुन्या कॅमेऱ्यावरची शेवटची दोन लग्नं धुरकट आली, मी लोकांचे पाय धरले. म्हणून तर हा आपोआप फोकसवाला घेतला. दादाच्या हातातला कॅमेरा जायला नको. तुम्ही फक्त त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात न्या."
डावा डोळा मिटून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. एकही तारीख दिसली नाही.