सुखी बाईचं स्वयंपाकघर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? आमची खुशाली विचारू नकोस, ती संपली आहे.

तुला माहीतच आहे, मी सिनेमासाठी घरं उभारतो. (आई अजूनही लोकांना ‘बांधकामात आहे’ असंच सांगते.) यावेळच्या दिग्दर्शकाला असं स्वयंपाकघर हवं होतं, की आत उभी असलेली बाई सुखी वाटली पाहिजे. असलं स्वयंपाकघर मी कुठे पाहिलंय? तरी हात आपोआप चालत गेले. ओट्यासमोर मोठी खिडकी, स्टुलावर न चढता हाताला येणारी फळी, एका बोटाने उघडणारा खण, कंबर न वाकवता भांडी घासता येतील असं सिंक. दिग्दर्शक इतका खूश झाला, की त्याने आनंदाने भिंतीवर थाप मारली. (रंग ओला होता. ती भिंत पुन्हा रंगवली.)

चित्रीकरणाच्या दिवशी मी चष्मा घरी विसरलो आणि तुझी भावजय तो द्यायला आली. चष्मा माझ्या हातात ठेवून ती सरळ आत गेली. फळीला हात लावून पाहिला. खण उघडला, मिटला, परत उघडला. खिडकीबाहेर पाहिलं (तिथे कापडावर रंगवलेलं झाड). मग नळ सोडला.

“पाणी नाही?”

“यात नसतं,” मी म्हणालो.

“म्हणजे आपल्यासारखंच.”

निभावलं, असं मला वाटलं. तेवढ्यात ती वळली आणि अगदी हळू म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं माझं सगळं तुम्हाला ऐकू येत होतं?”

ताई, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणं मला झेपतं. ती नुसती ओट्याला टेकून उभी राहिली. दिवेवाले खोळंबले, दिग्दर्शक मला खुणा करू लागला, मी छताकडे बघू लागलो. (छत नव्हतंच.) शेवटी नटीच म्हणाली, “राहू द्या हो त्यांना जरा.” त्या क्षणी मला कापडामागे जाऊन उभं राहावंसं वाटलं.

सुट्टी मिळताच मी आमच्या सेटच्या सुताराला घेऊन घरी ओट्यासमोरच्या भिंतीत खिडकी पाडायला घेतली. माझा सगळा जन्म प्लायवूडमध्ये गेलेला, खऱ्या भिंतीशी ओळख नाही. आधी नळाचा पाइप फुटला, मग ओटा खचला. सुतार विचारतो, “साहेब, इथे झाड रंगवून देऊ का?” आता स्वयंपाकघरात एक भोक तेवढं आहे. शेगडी पलंगाशेजारी आली आहे. ती मला वाढते, पण बोलत नाही. कामावर जावं तर तिथेही स्वयंपाकघरच, घरी यावं तर तेही नाही.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
कुठलाच न राहिलेला
भाऊ

ता. क. : तुमच्या माडीचं काम केलेला गवंडी अजून काम करतो का? करत असल्यास लगेच पाठव. तोवर आम्ही दोघं तुझ्याकडे राहायला येतो. तिला अजून विचारलेलं नाही.

आणखी एक : विचारलं. येणार नाही म्हणते. गवंड्याने फक्त पाइप जोडावा, भोकाला हात लावायचा नाही. समोरच्या घरातल्या बाईशी त्यातून तिची ओळख झाली आहे. दोघी सकाळभर माझ्याबद्दल बोलतात. ते सोडलं तर उजेड छान येतो.